परळचे पुरुष आणि त्यांची वये

परळ हे मुंबईचे उपनगर होते असे सांगितले, तर आमच्या नातींना हसू येते. त्यांच्या लेखी उपनगर म्हणजे बोरिवली, मुलुंड, नाही तर त्याहूनही पलीकडले. परंतु कोटातल्या मुंबईला परळ हे फार दिवस गावाबाहेरचेच ठिकाण होते. इंग्रज गव्हर्नरसाहेब परळच्या बंगल्यात राहत. भोवती झाडी होती, शेते होती. पुढे गव्हर्नर मलबार हिलला गेले आणि १८९९ साली त्याच बंगल्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. तोवर शेतांच्या जागी गिरण्यांची धुराडी उभी राहिली होती. परळ, लालबाग, शिवडी, चिंचपोकळी, डिलाईल रोड या साऱ्या मुलखाला पुढे लोक गिरणगाव म्हणू लागले.

या गिरणगावचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. संपांवर लिहिले आहे, पुढाऱ्यांवर लिहिले आहे, शाहिरांवर आणि नाटकमंडळ्यांवर लिहिले आहे. ते सर्व वाचण्यासारखे आहे. मंडळाच्या या स्मरणिकेसाठी मी मात्र जरा निराळा विषय घेतला आहे, तो म्हणजे येथल्या पुरुषांची वये. बायकांचे वय विचारू नये असा रिवाज आहे. पुरुषांचे विचारायला कोणाची हरकत नसावी. आणि हे केवळ गमतीचे नव्हे. आपल्या वस्तीत कोणत्या काळी कोणत्या वयाचे पुरुष राहत होते, यावर येथल्या बाईने किती भाकऱ्या थापायच्या, ती येथे राहायची की गावी, आणि आज उतारवयात तिने काय काय उपसायचे, हे सारे ठरत आले आहे. मी पस्तीस वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवले. पटावरची नावे आणि वये लिहिता लिहिता हा विषय माझ्या मनात घर करून बसला.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील उतरंड भगिनींना आठवत असेल. सर्वांत मोठे मडके तळाला, त्यावर त्याहून लहान, असे करीत वर अगदी चिमुकले बोळके. सर्वसाधारण गावाची लोकसंख्या वयाप्रमाणे मांडली तर जुन्या काळी अशीच दिसे: खाली पुष्कळ मुले, वर चढत जावे तसतशी माणसे कमी, आणि टोकाला मोजके म्हातारे. गिरणगावची उतरंड पहिल्यापासून अशी नव्हती. तिचे तळाचे मडके लहान होते, टोकाचे बोळके जवळजवळ नव्हतेच, आणि मधले मात्र भले मोठे होते. अठरा ते चाळीस या वयाच्या पुरुषांचे ते मडके. अशी उतरंड स्वयंपाकघरात एक क्षण उभी राहणार नाही. येथे ती शंभर वर्षे उभी राहिली, कारण तिला दुसरीकडून आधार होता. तो कोठून, ते पुढे सांगते.

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. एवढ्या गिरण्यांना माणसे कोठली? मुंबईत जन्मलेल्यांची तर नव्हेतच. १९२१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती पावणेबारा लाख भरली, आणि त्यांत मुंबईत जन्मलेले लोक शंभरांत सोळाच निघाले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले सव्वादोन लाखांहून अधिक होते. बाकीचे सातारा, पुणे, अहमदनगर, कोल्हापूर, गोवे, गुजराथ, संयुक्त प्रांत अशा ठिकाणचे. या पावणेबारा लाखांत हजार पुरुषांमागे बायका होत्या सुमारे सव्वापाचशे. म्हणजे दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई! आणि हे साऱ्या शहराचे झाले. त्यात भुलेश्वर-गिरगावातील नांदती घरेही आली. एकेका चाळीत, विशेषतः गिरण्यांच्या आसपास, काय असेल याची कल्पना करता येते.

खानेसुमारीतील वयांवर फार भिस्त ठेवू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या काळी कोणाला जन्मतारीख ठाऊक होती? गणतीवाला दारात आला की माणूस अदमासाने वीस, पंचवीस, तीस सांगे. एकवीस किंवा सत्तावीस कोणी म्हणत नसे. आमचे आजेसासरे आपला जन्म प्लेगाच्या वेळचा म्हणत, सासऱ्यांचा मानमोडीच्या साथीतला. म्हणजे एक १८९६ च्या सुमाराचे आणि दुसरे १९१८ चे, असे आपण धरायचे. तरी वय चार-दोन वर्षांनी पुढेमागे झाले, तरी मधल्या मडक्याचा आकार काही बदलत नाही.

हे तरुण पुरुष राहत कसे, ते आपल्यापैकी ज्येष्ठ भगिनींनी डोळ्यांनी पाहिले आहे. एका गावची दहा-पंधरा माणसे मिळून एक खोली घेत. भिंतीशी पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच्या जागी आडवा होई. सरकारने १९२० ते १९२५ या सुमारास वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळी बांधल्या, एकंदर २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास मजल्यावर सामाईक. या मापाची खोली कोणाच्या डोळ्यांपुढे होती, हे मला नेहमी प्रश्नात पाडते. कुटुंबाच्या तर नक्कीच नव्हे. दिवसभर कामावर असणारा, रात्री पाठ टेकणारा, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा पंचविशीतला गडी डोळ्यांपुढे ठेवूनच ती बांधली असली पाहिजे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचे काम शेवटी पडणार आहे.

आता या गड्यांना जेवू कोण घालणार? येथे आमच्या सासूबाईंचा संबंध येतो. संगमेश्वराकडच्या त्या, लग्न होऊन लालबागला आल्या तेव्हा चाळीत बायका अशा थोड्याच. वर्षाच्या आत त्यांनी खाणावळ घातली. मी १९७१ साली लग्न होऊन घरात आले तेव्हाही पंधरा-वीस जण जेवायला होते. पहाटे साडेतीनला शेगडी पेटे. पहिल्या पाळीचे डबे, मग रातपाळीहून परत येणाऱ्यांचे जेवण, मग दुपारपाळीचे. म्हणजे ज्या गिरणीच्या पाळ्या, त्याच सासूबाईंच्या चुलीच्या पाळ्या. फरक इतकाच, की गिरणीत माणूस एक पाळी करी आणि सासूबाई तिन्ही. भाकरी, कालवण, भात. बुधवारी-रविवारी मासळी, पावसाळ्यात सुके बोंबील. हिशेब महिन्याचा. कोणी गावी गेला तर तेवढ्या दिवसांचे खाडे कापायचे. पैसे पगाराच्या दिवशी मिळत, परंतु वाण्याला तेवढा धीर नसे. मग मंगळसूत्र सावकाराकडे जाई आणि पगारानंतर सोडवून आणले जाई. मला तर वाटते, वर्षातून निम्मे दिवस ते सावकाराच्याच पेटीत असे.

गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. पुष्कळजणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या; काहीजणींचे नवरे दुखण्याने घरी बसलेले. गिरण्यांच्या इतिहासात त्यांची नोंद कामगार म्हणून कोठेच नाही. त्यांना सावकाराच्या हातून सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७५ साली झाला. प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बाईला अंगठ्यापलीकडे सही येत नाही तिला बँकेने कर्ज द्यावे, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली.

गिरणीत काम करणाऱ्या बायकाही होत्याच. १९२० च्या दशकात कामगारांत पाचातली एक बाई असे. रिळांच्या खात्यात त्या काम करीत आणि त्यांच्यावर नायकीण असे. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. रातपाळी बायकांना बंद झाली. नवी यंत्रे आली. कायदे चांगलेच होते, परंतु मालकांनी हिशेब असा केला की यापेक्षा पुरुषच बरा. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणीतली बाई शोधून सापडेना. म्हणजे मधले मडके आणखीच पुरुषांचे झाले.

आता त्या आधाराविषयी. मुंबईत जे पुरुष जास्त होते, ते कोठे तरी कमी असणारच. १९६१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक बायका होत्या. त्याच वर्षी बृहन्मुंबईत हा आकडा ६६३ होता. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एका जिल्ह्याच्या उतरंडीतून मधले मडके काढून ते दुसऱ्या शहराच्या उतरंडीत बसवले आहे, इतके ते एकमेकांत जुळतात. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येणार. मधल्या काळात नांगरणी गड्याकडून करून घेणे, लावणी, सासू-सासऱ्यांचे दुखणे-बाणे, मुलांची शाळा, आणि मनिऑर्डर आली नाही तर वाण्याची मनधरणी, हे सारे बाईने करायचे.

आणि म्हातारे? माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतली एक आठवण आहे. मी सासूबाईंना विचारले होते, की या चाळीत म्हातारे पुरुष इतके कमी कसे? त्या म्हणाल्या, "म्हातारा झाल्यावर मुंबईत कोण ठेवतंय? डोळे गेले की गावाला." यात सगळे अर्थशास्त्र आले. साच्यावरच्या कामगाराला तुटलेला धागा दिसला पाहिजे. चाळिशी लागली, कापसाच्या फुफाट्याने छाती भरली, की जॉबरची नजर फिरे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. त्याआधी बहुतेकांना हाती काहीच न घेता जावे लागे. मग तो वळकटी बांधून गावी जाई आणि त्याच्या जागी मुलगा किंवा पुतण्या बदली म्हणून गेटावर उभा राही. खोली तीच, ट्रंक तीच, वळकटीची जागाही तीच. फक्त माणूस पंचवीस वर्षांनी लहान.

म्हणून गिरणगाव कधी म्हातारे होत नव्हते. मुंबईला पुरुष मिळे तो वाढवून तयार झालेला, आणि ती त्याला परत पाठवी तो झिजल्यावर. त्याचे बालपण आणि त्याचे म्हातारपण यांचा खर्च मुंबईच्या जमाखर्चात कधी आलाच नाही. तो रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या घरातील बाईच्या नावे पडत गेला. आणि तिने तो कधी मांडला नाही, म्हणून कोणाला दिसला नाही. कापड स्वस्त का पडे याची कारणे सांगताना विद्वान लोक कापसाचा भाव सांगतात, यंत्रे सांगतात. संगमेश्वराची बाई कोणी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर यात पालट झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने खोलीचे भाडे गोठले, त्यामुळे एकदा मिळालेली खोली कोणी सोडीना. आठ तासांची पाळी, महागाई भत्ता, निधी आणि विमा योजना यांनी कामगाराला थोडी स्थिरता दिली. गावमंडळाच्या खोलीतून बाहेर पडून लोक बिऱ्हाडे करू लागले आणि बायका येऊ लागल्या. १९८१ पर्यंत बृहन्मुंबईत हजार पुरुषांमागे बायका पावणेआठशेच्या आसपास गेल्या. जेथे बायका आल्या तेथे मुले आली, आणि उतरंडीचे तळाचे मडके प्रथमच भरले. मी शाळेत लागले तेव्हा वर्गात पाऊल ठेवायला जागा नसे. तुकड्या अ, ब, क, ड. शाळा दोन सत्रांत. पटावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असे, आणि त्यात वरून खालपर्यंत 'गिरणी कामगार', 'गिरणी कामगार' असे लिहून हात दुखे. शेवटी मी वरच्या ओळीखाली दोन टिंबे देऊ लागले. गणपतीचे मांडव, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, क्रीडामंडळे यांचा बहर याच काळातला. कबड्डीला पोरे लागतात, आणि पोरे होती.

या बहरात एक गोष्ट चालूच होती. अठराव्या-विसाव्या वर्षी मुलगा बापाच्या ओळखीने बदलीत चिकटे. म्हणजे आता गावाहून मुलगा आणण्याऐवजी खोलीतलाच मुलगा मधल्या मडक्यात सरके. सारे काही या एका दारावर अवलंबून होते.

ते दार १८ जानेवारी १९८२ रोजी बंद झाले. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याचे बरेवाईट, कोण चुकले, यावर अजून वाद होतात आणि मला त्यात पडायचे नाही. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही, आणि लाखाहून अधिक माणसे पुन्हा कामावर गेली नाहीत. मी येथे फक्त वयांपुरते बोलते. त्या दिवशी जो कामगार पंचवीस ते पंचेचाळीस यांच्या मधला होता, तो नव्या धंद्याला म्हातारा आणि गावी जाऊन बसायला तरुण ठरला. आमचे धाकटे दीर तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. सहा महिने गावी काढून ते परत आले. गावी जमीन होती ती चौघांना मिळून तांदूळही पुरवीना. पुढे त्यांनी एका सोसायटीत पहारेकऱ्याचे काम धरले. त्यांच्या गिरणीचे नाव मी घेत नाही. हक्काचे पैसे त्यांच्या हाती पडेपर्यंत त्यांची मुलगी लग्नाची झाली होती, एवढेच सांगते.

सासूबाईंच्या खाणावळीत संपाच्या वेळी ज्यांची महिन्यांची उधारी राहिली, त्यांतले काहीजण वर्षांनी येऊन पैसे देऊन गेले. काही आलेच नाहीत. सासूबाईंनी वही फाडली नाही आणि कोणाच्या दारात वसुलीलाही गेल्या नाहीत. जाऊबाई आणि मी मिळून डबे चालू ठेवले. परंतु जेवणारे पुरुषच उरले नव्हते. आता डबे जात ते कचेऱ्यांत. चाळीतल्या बायका कोणी धुण्याभांड्यांना लागल्या, कोणी शिवण घेतले, कोणी पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. माझ्या पटावरच्या रकान्यात 'वॉचमन', 'हमाल', 'फेरीवाला' असे शब्द आले, आणि बऱ्याच ठिकाणी नुसती आडवी रेघ. त्या रेघेची मुले वर्गात सर्वांत गप्प असत.

संपाने वयाच्या मांडणीत जो फेरफार केला तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पूर्वी पुरुष बदलत राहत आणि वय तेच राही. आता नवे येणे बंद झाले आणि जे होते त्यांचे जाणेही थांबले. खोली सोडली तर पुन्हा मिळायची नाही, गावी तर काही उरले नाही. मग ते येथेच राहिले आणि दरवर्षी एकेक वर्षाने मोठे होत गेले. १९८२ साली चाळिशीत असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. मधले मडके जसेच्या तसे वर वर सरकत गेले आहे. पूर्वी जे बोळके नव्हतेच, तेथे आता मोठे मडके बसले आहे.

आणि त्यांची मुले? १६० चौरस फुटांत दोन भावांची लग्ने झाल्यावर एकाला बाहेर पडणे भागच असते. तो डोंबिवलीला गेला, कल्याण-बदलापूरला गेला, विरार-नालासोपाऱ्याला गेला. म्हणजे खरी उपनगरे झाली ती आमच्या मुलांची. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ साली ३० लाख ८५ हजारांवर आली. शहर वाढते असे आपण म्हणतो, परंतु हे शहर, कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे, दहा वर्षांत अडीच लाखांनी घटले. आमच्या शाळेच्या चार तुकड्यांची आधी एक झाली. नंतर तीही भरेना.

कोणी म्हणेल, आज परळला तरुण पुरुष थोडे आहेत का? सकाळी नऊ वाजता करी रोड आणि लोअर परळ स्टेशनांतून उतरणारा लोंढा पाहा! खरे आहे. गिरण्यांच्या जमिनींविषयीचे नियम १९९१ साली आले, २००१ साली त्यांत बदल झाला, आणि त्या जमिनींवर कचेऱ्या, मोठाली दुकाने आणि मनोरे उभे राहिले. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत माणसे मेली, ती याच लोंढ्यातली. परंतु जनगणना माणसाला तो राहतो तेथे मोजते, काम करतो तेथे नाही. दिवसाचे परळ तिशीतले आहे आणि रात्रीचे परळ सत्तरीतले. गंमत अशी, की दिवसाच्या परळचे बालपण आणि म्हातारपण आताही दुसरीकडेच आहे. फक्त रत्नागिरीऐवजी बदलापूर झाले, आणि बोटीऐवजी लोकल. (मनोऱ्यांत वरच्या मजल्यांवर राहणारे वेगळे, त्यांची वये मला ठाऊक नाहीत. ते खाली चालत उतरत नाहीत.)

कोकणात याचा पडसाद काय झाला, तेही थोडक्यात सांगते. रत्नागिरीत २०११ साली हजार पुरुषांमागे बायका ११२२ होत्या. १९६१ पेक्षा कमी, तरी अजून जास्तच. मुंबई शहरात ८३२. पारडी समतोलाकडे येत आहेत, परंतु अजून समान नाहीत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून चाकरमानी म्हातारा गावी महिनाभर राहून दुखणे निघाले की के.ई.एम.ला परत येतो. पूर्वी तो दुखणे घेऊन गावी जाई.

आता घरात काय दिसते ते आपण सर्वजणी जाणतो. मी मघाशी म्हटले, की ती खोली पंचविशीतल्या गड्यासाठी बांधली होती. त्याच खोलीत आज ऐंशी वर्षांचा पुरुष आहे. संडास गॅलरीच्या टोकाला आहे. रात्री तीनदा त्याला तेथवर धरून नेणारी बाई स्वतः पंचाहत्तरीची आहे. जिन्याला मजले तीन आणि कठडा हलतो. खाली उतरणे बंद झाले, की पुरुष खिडकीशी बसतो आणि बोलेनासा होतो. आयुष्यभर तो घरात फक्त झोपायला आणि जेवायला होता. दुपारचे घर कसे असते हे त्याला माहीतच नव्हते. आमच्या मंडळात भगिनी सांगतात, की ह्यांना कामावर जायची सवय, घरात राहायची नाही. बायकांचे तसे नसते. मंडळात यायला आपल्याला निमित्त लागत नाही. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि वरळीला काही कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोठ्या खोलीपेक्षा घरातला संडास आणि लिफ्ट, या दोन गोष्टींचे मोल म्हाताऱ्या घराला अधिक. हा योग सर्वांना आयुष्य असेतो यावा.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली तेव्हा ६,९२५ घरे होती आणि अर्जदार दीड लाखाच्या घरात. अर्ज करणाऱ्यांत कितीतरी विधवा होत्या. आणि हा माझ्या विषयाचा अखेरचा भाग आहे. पुरुषांचे हे मडके आता आणखी वर जायला जागा नाही. बायका सरासरीने अधिक जगतात आणि लग्नाच्या वेळी नवऱ्याहून पाच-सात वर्षांनी लहानही असतात. ज्या वस्तीत शंभर वर्षांपूर्वी दोन पुरुषांमागे एक बाई होती, तेथे मजलेच्या मजले एकट्या बायकांचे होत चालले आहेत. आमच्याच मजल्यावर संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा आत एकेकच बाई असते, अशा खोल्या मी मोजायचे सोडून दिले आहे.

आणि यातल्या बहुतेक खोल्यांची भाडेपावती अजून पुरुषाच्या नावावर आहे. कधी हयात नवऱ्याच्या, कधी वारलेल्या नवऱ्याच्या, आणि काही ठिकाणी सासऱ्याच्यासुद्धा. खाजगी मालकीच्या चाळींना १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा लागू आहे. त्याप्रमाणे भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबातील माणसाकडे भाडेकरूचा हक्क येतो. म्हणजे नालासोपाऱ्याला राहणाऱ्या मुलाआधी तो खोलीत राहणाऱ्या आईचा आहे. परंतु ती तेथे राहत होती हे कागदावर दिसले पाहिजे: रेशनकार्ड, मतदारयादी, विजेचे बिल. पुनर्विकासाच्या वेळी मालक आणि बिल्डर पहिल्याने पावतीच मागतात. बी.डी.डी. चाळी सरकारी असल्याने तेथला मार्ग निराळा आहे, तो तेथल्या कचेरीत विचारावा. आमच्या एका शेजारीणबाईंना ही गोष्ट नवऱ्याच्या तेराव्यानंतर कळली, आणि दोन वर्षे त्यांच्या चपला झिजल्या.

पावती नावावर करण्याच्या अर्जाचा मराठी नमुना मंडळाच्या कपाटात ठेवला आहे. दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मी तेथे असते. येताना जुनी पावती, रेशनकार्ड आणि असल्यास मृत्यूचा दाखला आणावा. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी शेजारच्या मुलीबरोबर निरोप धाडावा, म्हणजे मी वर येईन.